बाद झालेल्याने बसू नये



दिवाळीच्या सुमारास दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या संध्याकाळी पुन्हा मुलांच्या होतात. जून ते सप्टेंबर पारा चाळिशीच्या आसपास, त्यामुळे इथल्या साऱ्या इमारतींतली मुले घरात अडकलेली. शाळेतला पीटीचा तासही उन्हामुळे हॉलमध्ये. आता हवा पालटली आहे. याच दिवसांत ‘दुबई फिटनेस चॅलेंज’ येते. ३० दिवस, रोज ३० मिनिटे व्यायाम, हा उपक्रम २०१७पासूनचा. मोठी माणसे उत्साहाने शेख झायेद रोडवर धावून येतात. मुलांच्या व्यायामाची काळजी मात्र आपण शाळेवर सोडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. २०१६च्या जगभरच्या आकडेवारीत ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले त्यात कमी पडली. मुली तर सुमारे ८५ टक्के. पीटीचे मोजके तास ही तूट भरून काढणार नाहीत, पण खेळाची गोडी नक्की लावू शकतात. किंवा कायमची घालवू शकतात.

कारण त्या तासातला बराच वेळ हजेरीत, रांगेत, पाळीची वाट पाहण्यात जातो. वर ‘आउट’चा नियम. डॉजबॉलमध्ये ज्याचे पाय जड, तो पहिला बाद होतो आणि उरलेला खेळ कडेला बसून पाहतो. ज्याला धावण्याची गरज सर्वांत जास्त, त्यालाच सर्वांत जास्त बसवायचे, हा अन्याय आहे. गडी निवडताना दर वेळी शेवटी उरणारी मुलगी पोटदुखीची चिठ्ठी मागते, तेव्हा तिला आळशी कसे म्हणावे?

आपल्या मातीतल्या खेळाने याचे उत्तर कधीच शोधले होते. कबड्डीचे जुने तीन प्रकार: संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला एक जिवंत होऊन परत येतो. आजची कबड्डी याच वळणाची. आणि अमरमध्ये बाद झालेला बाहेर जातच नाही. गुण समोरच्या संघाला मिळतो, गडी खेळत राहतो. हार-जीत शाबूत, चुरसही शाबूत, फक्त कुणी बसत नाही. शाळेच्या तासाला याहून चांगला नियम मला तरी दिसत नाही.

मोठ्या वर्गापुढे एकटे उभे असलेल्या पीटीच्या शिक्षकांना दोष देऊ नये. त्यांना आपली साथ हवी. पुढच्या पालकसभेत गणिताच्या गुणांबरोबर हेही विचारा: माझे मूल तासाभरात किती वेळ धावले? आणि फराळानंतर खाली या, मुलांसोबत अमरचा एक डाव मांडा.



— संपादक