गाण्याचा धनी कोण?

एखादे गाणे आवडले की आपण पहिल्यांदा विचारतो, “कुणाचे हो हे?” माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराचा तर तो धंदाच आहे. कवी कोण, मूळ पाठ कोणता, मागाहून कोणी काय घुसडले, हे हुडकण्यात आमची हयात जाते. पण गाण्यांचे एक घराणे असे आहे की, त्याच्यापुढे आमचा हा प्रश्न लंगडा पडतो. नाताळात गायिली जाणारी ‘कॅरल’ मला अभिप्रेत आहेत. दिवाळीचे आकाशकंदील उतरले की थोड्याच दिवसांत वसई-वांद्र्याकडे ती कानांवर येऊ लागतील.

कॅरल हा शब्द मुळात नाचाचा. जुन्या फ्रेंच भाषेत ‘कॅरोल’ म्हणजे हातात हात गुंफून, फेर धरून म्हणायचे गाणे. आपला भोंडला म्हणा ना! एकाने कडवे म्हणायचे आणि सगळ्यांनी पालुपद उचलायचे. चर्चमधली उपासना त्या काळी लॅटिनमध्ये चाले. सामान्य माणसाला तिचा अर्थ कळत नसे. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने गव्हाण मांडली, जिवंत बैल आणि गाढव आणून उभे केले आणि ख्रिस्तजन्माचा देखावा लोकांच्या डोळ्यांपुढे आणला. त्याच्या अनुयायांनी लोकांच्या बोलीतली भक्तिगीते गावोगाव नेली. बाळ, आई, गोठा, मेंढपाळ हा तर साऱ्यांच्याच ओळखीचा संसार. गाण्यांना तो चटकन मानवला.

कर्मठांना मात्र हा आनंद खुपला. इंग्लंडात प्यूरिटनांचे राज्य आले तेव्हा, १६४७ साली, पार्लमेंटने नाताळचा सणच रद्द करून टाकला. १६६० साली राजा परतला आणि त्याच्यामागोमाग सणही परतला. पुढे १८२२ मध्ये डेव्हिस गिल्बर्ट नावाच्या कॉर्नवॉलच्या गृहस्थाने काही जुनी कॅरल चालींसह छापली, ती ही प्रथा मागे पडली असे समजूनच. पण विसाव्या शतकाच्या आरंभी सेसिल शार्प आणि व्हॉन विल्यम्स खेड्यापाड्यांत वह्या घेऊन हिंडले, तेव्हा साध्या कष्टकरी माणसांच्या तोंडी त्यांना जुनी कॅरल सापडली. छापखान्याची वाट न पाहता ती जगली होती.

आता धनी शोधायचाच, तर ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ हे प्रसिद्ध कॅरल घेऊ. चार्ल्स वेस्लीने ते १७३९ साली लिहिले. त्याच्या पहिल्या ओळीत देवदूत नव्हतेच. आकाशाला असलेला एक जुनाट शब्द होता. १७५३ साली जॉर्ज व्हाइटफील्ड या धर्मोपदेशकाने तो काढला आणि देवदूत आणून बसवले. असल्या दुरुस्त्यांनी वेस्ली मंडळी वैतागली होती. १७८० च्या पदसंग्रहाच्या प्रस्तावनेत थोरल्या जॉन वेस्लीने बजावले की, आमची पदे खुशाल छापा, पण सुधारू नका. ते तुम्हाला साधायचे नाही. चालीची कथा याहून गमतीची. मेंडेल्सनने ती १८४० साली गुटेनबर्गच्या, म्हणजे मुद्रणकलेच्या, उत्सवासाठी बांधली. हिला रांगडे, उल्हासाचे शब्द द्या, धार्मिक शब्द हिला शोभणार नाहीत, असे त्याने कळवले होते. तो वारल्यावर, १८५५ साली, विल्यम कमिंग्ज या ऑर्गनवादकाने नेमके तेच केले! कवीची इच्छा मोडली, संगीतकाराचीही मोडली आणि त्यातून जे निपजले ते आज जगभर गायिले जाते.

‘सायलेंट नाइट’चे नशीब याच्या उलट. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी २४ डिसेंबर १८१८ च्या रात्री ते प्रथम गायिले गेले, तेही गिटारच्या साथीवर. शब्द योसेफ मोर या तरुण पाद्र्याचे, चाल फ्रान्स ग्रूबर या शाळामास्तराची. टायरोलच्या गाणाऱ्या कुटुंबांनी ते गावोगाव नेले. १८३९ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. पण वाटेत कर्त्यांची नावे गळाली. एवढे गोड गाणे म्हणजे हायडनचे, नाहीतर मोझार्टचे, असे लोक म्हणू लागले. शेवटी १८५४ साली बिचाऱ्या ग्रूबरला हकीकत लिहून द्यावी लागली. मोर तोवर मरून गेला होता.

हे सारे साहेबाच्या मुलखातले, असे कोणी म्हणेल. पण १५७९ साली गोव्यात उतरलेल्या एका इंग्रज पाद्र्याने हीच जन्मकथा आपल्या ओवीत बसवली. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले. त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांतली एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्या तेवढ्या उरल्या. त्यांच्याच आधाराने १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. ते आपल्यापर्यंत आले, ते कुणाला तरी वाचायचे होते, म्हणायचे होते म्हणून.

कवीचे नाव सांगणे हे आम्हा मास्तरांचे काम. ते आम्ही सोडणार नाही. ग्रूबरला त्याचे श्रेय मिळालेच पाहिजे. पण कर्त्याचे नाव ठाऊक असले म्हणजे गाणे जगते असे नाही. त्याला गळे लागतात. तेव्हा या नाताळात शेजारच्या घरी कॅरल सुरू झाले, तर खिडकी लावून घेऊ नका. पालुपद सोपे असते. दुसऱ्या खेपेला तुम्हीही सूर मिळवा. तेवढ्यापुरते त्याचे धनी तुम्हीच.