लोककार्याचा गौरव आणि विद्यापीठांचा हिशेब

विद्यापीठांनी आपल्या सेवकवर्गातील लोकाभिमुख कार्य करणाऱ्यांचा जाहीर गौरव करावा, ही कल्पना सहज पटण्यासारखी आहे. शाल, श्रीफळ आणि मानपत्र यांना विरोध कोण करील? तथापि मानपत्र देणारा हात आणि पदोन्नतीच्या कागदावर सही करणारा हात एकाच संस्थेचे असूनही त्यांची परस्परांशी सहसा ओळख नसते. प्रस्तुत लेखकाच्या मते खरा प्रश्न येथे आहे.

चंदीगढच्या सेक्टर 32 मधील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उदाहरण घेता येईल. 1991 मध्ये स्थापन झालेली ही संस्था पंजाब विद्यापीठाशी संलग्न आहे. 2020 मध्ये दिवंगत झालेले डॉ. बी. एस. चव्हाण हे तेथील मनोविकार विभागाचे दीर्घकाळ प्रमुख व पुढे संस्थेचे संचालक-प्राचार्य होते. व्यसनाधीनांनी रुग्णालयाकडे यावे अशी वाट न पाहता उपचार शिबिरांच्या रूपाने लोकांपर्यंत न्यावेत, हा त्यांच्या विभागाच्या कामाचा एक विशेष. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शेजारच्या सेक्टर 31 मध्ये जी संस्था उभी राहिली, तिच्या घडणीतही त्यांचा मोठा वाटा होता. शिबिरांतील उपचारांविषयीचा त्यांचा सहलेखित निबंध 1999 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झाला.

हा निबंध महत्त्वाचा आहेच. परंतु अशा निबंधामागे काय काय उभे असते? गावाची निवड, पंचांशी बोलणी, जागेची व जेवणाची सोय, लाजेपोटी दार न उघडणाऱ्या घरांतील बायकांचा विश्वास संपादन करणे आणि शिबिर उठल्यानंतर महिनोन्‌महिने चालणाऱ्या पुनर्भेटी. या कामाला लागणारे तास कोणत्याही रकान्यात मावत नाहीत. ते करणाऱ्यांत परिचारिका असतात, समाजसेवक असतात, औषधांच्या पेट्या वाहणारा गाडीचालक असतो. निबंधावर त्यांची नावे नसतात. पुरस्कारही बहुधा एकाच व्यक्तीला मिळतो. वैद्यकीय अध्यापकांच्या पदोन्नतीच्या नियमांत प्रसिद्ध संशोधनाला स्थान आहे, पुनर्भेटींना नाही. म्हणजे लोकांत केलेले काम निबंध झाल्यावरच काम ठरते.

धोरणाच्या भाषेत मात्र आपण कधीच मागे नव्हतो. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांत सुरू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 1977 मध्ये विस्तारकार्य हे अध्यापन व संशोधन यांच्या बरोबरीचे तिसरे कर्तव्य असल्याचे जाहीर केले. त्याच आयोगाच्या 2010 च्या विनियमांत एका मान्यताप्राप्त शोधनिबंधाला 15 गुण होते, तर वर्षभराचे विस्तारकार्य व विद्यार्थ्यांचे उपक्रम या सर्वांना मिळून कमाल 20! 2018 मध्ये हे विनियम बदलले. ती गुणांची सवय मात्र निवडसमित्यांच्या मनातून गेली आहे, असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

आपल्या, म्हणजे साहित्याच्या क्षेत्रात स्थिती काय आहे? वैद्यकाचे शिबिर निदान डोळ्यांना दिसते. नियतकालिक चालवणे, नवोदितांच्या हस्तलिखितांवर रात्री घालवणे, बोलीतील कथनांची नोंद करणे हे तर ‘छंद’ म्हणूनच मोजले जाते. डॉ. गंगाधर पानतावणे मराठवाडा विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक सुमारे अर्धशतक चालविले आणि त्याच्या मेळाव्यांतून दलित लेखकांच्या पिढ्या बोलत्या केल्या. विद्यापीठाच्या परिभाषेत याला नाव काय द्यावे? अध्यापन नव्हे, रूढ अर्थाने संशोधनही नव्हे. पण आज दलित साहित्यावर जे प्रबंध लिहिले जातात, त्यांच्या साधनसामग्रीचा मोठा भाग या ‘नव्हे’तून आला आहे. त्यांना पद्मश्री जाहीर झाली ती जानेवारी 2018 मध्ये. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले.

दुसरे उदाहरण भोर येथे जन्मलेले डॉ. गणेश देवी यांचे. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात ते इंग्रजी शिकवीत. 1996 मध्ये ते त्या पदावरून बाहेर पडले आणि मग आदिवासी भाषांचे काम, तेजगढची अकादमी, 2010 पासूनचे भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण हे सारे विद्यापीठाबाहेर घडले. 2014 मध्ये शासनाने त्यांना पद्मश्री दिली. व्यक्तीचा गौरव झाला, यात समाधान आहेच. परंतु एवढे भाषाकार्य करण्यासाठी भाषेच्या अध्यापकाला विद्यापीठ सोडून जावे लागावे, याची खंत विद्यापीठांनी कधी केलेली दिसत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी 1925 मध्ये विल्सन महाविद्यालयातील गणिताचे अध्यापकपद सोडावे लागले. तेथे तर विरोधच उघड होता. आजची उपेक्षा सभ्य आहे, एवढाच फरक.

म्हणून पुरस्कार द्यावयाचा तर तो सेवाभाराच्या गणनेत उमटला पाहिजे. ज्याला गौरविले त्याला पुढील वर्षी दोन तासिका कमी द्याव्यात, प्रवासाचा खर्च द्यावा आणि निवडसमितीपुढे त्याची शिबिराची किंवा संग्रहाची वही निबंधाइतकीच पुरावा म्हणून ठेवावी. गौरव शक्यतो गटाचा व्हावा, आणि त्यात लिपिक व चालक यांची नावे छापावीत. यातून खोट्या नोंदींचे पेव फुटेल, हा आक्षेप निराधार नाही. पण खोटे शोधनिबंध निघू लागले म्हणून कोणी संशोधन मोजणे थांबविलेले नाही.

आणखी एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनीच सांगावयाची आहे. अशा पुरस्कारांचे अर्ज बहुधा इंग्रजीत मागविले जातात. चंदीगढच्या आसपास उपचार घेणारा माणूस पंजाबीत बोलतो, वसाहतीतला मजूर भोजपुरीत. तेजगढला राठवी चालते. ज्याच्यासाठी काम झाले त्याची साक्ष त्याच्या भाषेत आणि तोंडी घेण्याची तरतूद अर्जात करावी, त्या साक्षीचे भाषांतर विद्यापीठाच्या भाषाविभागाकडे सोपवावे, आणि तेही त्या विभागाचे लोककार्य म्हणून नोंदवावे.