वॉरंटी नको, मोजमाप द्या

कॅलिफोर्नियात जुन्या टोयोटा प्रियसला 'रीकंडिशन्ड' हायब्रिड बॅटरी बसवून देण्याचा एक मोठा धंदा चालतो. त्यातल्या बऱ्याच लोकांबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. हे लोक बॅटरी दुकानात तपासत नाहीत. ती तपासणी ते गिऱ्हाइकाच्या गाडीत, गिऱ्हाइकाच्या पैशानं, भर हायवेवर करून घेतात. बॅटरी टिकली तर पैसे खिशात. नाही टिकली तर वॉरंटीचा कागद पुढे करायचा आणि त्यातल्या कलमांनी माणसाला इतकं दमवायचं की त्यानं आपणहून नाद सोडावा. ही फसवणूक आहे.

माझी प्रियस २००७ सालची. तेव्हाच्या गाड्यांना टोयोटा हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख मैल वॉरंटी देत असे, आणि कॅलिफोर्नियाचे प्रदूषणाचे नियम पाळणाऱ्या राज्यांत १० वर्षं किंवा दीड लाख मैल. ती मुदत केव्हाच उलटली. मग मालकापुढे दोन वाटा उरतात. डीलरकडची नवी कोरी बॅटरी, जिला काही हजार डॉलर पडतात. किंवा बाहेरच्या दुकानातली दुरुस्त केलेली, निम्म्या किमतीत किंवा त्याहून स्वस्त. सॅक्रमेंटोतल्या एका दुकानाकडून मी दुसरी घेतली. तीन वर्षांची वॉरंटी, घरी येऊन बसवून देणार. पहिला उन्हाळा सरायच्या आत डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला.

त्रिकोण पेटण्याच्या कितीतरी आधीपासून गाडी सांगत होती. पडद्यावरची चार्जची पट्टी हिरवीगार भरलेली दिसायची आणि दोन सिग्नल ओलांडेपर्यंत खालच्या जांभळ्या रेघांवर यायची. थोड्या वेळानं पुन्हा हिरवीगार. निरोगी बॅटरीची पट्टी अशी खालीवर नाचत नाही. क्षमता आटली की थोड्याशा चार्जनं ती भरल्यासारखी दिसते आणि थोड्याशा खर्चानं रिकामी होते. मागच्या सीटशेजारचा पंखा घोंघावू लागला. सिग्नलला थांबल्यावर बंद पडायला हवं ते इंजिन चालूच राहू लागलं, आणि पेट्रोल वाचवण्यासाठी घेतलेली गाडी पेट्रोल पिऊ लागली.

आता पेटीच्या आत काय असतं ते सांगतो, कारण सगळा वाद तिथेच आहे. मागच्या सीटच्या पाठीमागे पत्र्याच्या पेटीत २८ मॉड्यूल शेजारी शेजारी उभे असतात. प्रत्येकात निकेल-मेटल हायड्राइडचे ६ सेल, एकेक १.२ व्होल्टचा. असे १६८ सेल सिरीजमध्ये जोडले की २०१.६ व्होल्ट होतात. नव्या मॉड्यूलची क्षमता साडेसहा अँपिअर-अवर. सिरीजमध्ये असल्यामुळे सगळ्यांतून करंट सारखाच वाहतो. २७ मॉड्यूल धडधाकट आणि एकच निम्म्या ताकदीचा असेल, तर तो सगळ्यांच्या आधी रिकामा होतो. बाकीचे त्याच्यातून करंट रेटतच राहतात, आणि एका टप्प्याला त्या रिकाम्या सेलची ध्रुवता उलटते. तो तापतो, आत वायू सुटतो, मॉड्यूल फुगतो आणि शेजाऱ्यांनाही तापवतो. तरण्या बैलाशेजारी थकलेला बैल जुंपला की नांगर थकलेल्याच्या चालीनंच चालतो. मधले मॉड्यूल जास्त तापतात, म्हणून ते आधी जातात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या आमच्या खोऱ्यात तर फार लवकर जातात.

म्हणून मेलेला एक मॉड्यूल काढून भंगारात गेलेल्या गाडीतला दुसरा घातला की पॅक दुरुस्त झाला, असं होत नाही. खरी दुरुस्ती अशी: सगळे २८ मॉड्यूल सुटे करायचे, एकेक पूर्ण चार्ज करायचा, ठरावीक करंटनं ६ व्होल्टपर्यंत उतरवायचा आणि किती अँपिअर-अवर निघाले ते लिहून ठेवायचं. हे निदान तीनदा. मग काही दिवस तसेच ठेवून कोण आपोआप उतरतो ते पाहायचं. शेवटी सारख्या क्षमतेचे निवडून एकत्र बांधायचे. तांब्याच्या जोडपट्ट्यांवर हिरवा गंज चढलेला असतो, त्या साफ करायच्या किंवा बदलायच्या. नट ५.४ न्यूटन-मीटरनंच आवळायचे, त्याहून जास्त जोर लावला तर स्टडचे आटे जातात. हे काम वेळखाऊ आहे. चार्जर अडकून पडतात, माणूस अडकून पडतो. प्रामाणिकपणे करणारी दुकानं आहेत आणि त्यांना माझा नमस्कार आहे. बाकीचे व्होल्टमीटर लावतात, आठ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला की मॉड्यूल 'चांगला' ठरवतात आणि झाकण लावून मोकळे होतात. निकेलच्या मॉड्यूलचा नुसता व्होल्टेज त्याच्या क्षमतेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. लोड न लावता पाहिलं तर मरायला टेकलेला मॉड्यूलसुद्धा चांगला आकडा दाखवतो. हे या लोकांना माहीत आहे, आणि तरीही ते असंच करतात.

माझा व्यवसाय पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा, तेव्हा मोजल्याशिवाय मी फोन केला नाही. गाडीच्या ओबीडी पोर्टला ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर लावला आणि फोनवर डॉक्टर प्रियस हे ॲप उघडलं. गाडीचा संगणक २८ मॉड्यूल दोन-दोनच्या १४ ब्लॉकमध्ये मोजतो. कोड होता पी०ए८०, म्हणजे बॅटरी बदला. गाडी रेडी स्थितीत, इंजिन बंद, एसी पूर्ण जोरात, कारण या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर थेट मोठ्या बॅटरीवर चालतो. तेरा ब्लॉक १५.४ व्होल्टच्या आगेमागे उभे, आठवा १४.० वर. एसी बंद केला. तेरा ब्लॉक १५.८ पर्यंत वर आले, आठवा १४.६ वर अडला आणि तिथेच राहिला. हा फरक नीट वाचला पाहिजे. जोडपट्टीचा गंज असता तर लोड काढताक्षणी तो ब्लॉक इतरांच्या बरोबरीला आला असता, कारण गंजाचा फटका करंट वाहत असेपर्यंतच बसतो. लोड नसतानाही १.२ व्होल्टची तूट म्हणजे बारा सेलपैकी एक मेलेला.

दुकानानं फोनवर आधी पंख्याचं नाव घेतलं: पंखा कचऱ्यानं भरला असेल, कुत्र्याचे केस अडकले असतील. पंख्याची तक्रार एरवी खोटी नसते. मागच्या सीटशेजारच्या जाळीतून हवा आत जाते आणि ती तुंबली की बॅटरी भाजून निघते. पण मी पंखा काढून त्याच्या पात्यांचे फोटो पाठवले होते, पाती स्वच्छ होती. मग बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर खापर फुटलं. ती बंद गाडीत १२.६ आणि रेडीत १४ दाखवत होती, तेही कळवलं. छोटी बॅटरी कमजोर असली की डॅशबोर्डवर भलतेसलते दिवे लागतात हे खरं, पण तिच्यामुळे चौदातला नेमका आठवाच ब्लॉक खाली बसत नाही. शेवटी त्यांचा पोरगा आला. त्यानं कोड पुसला, गल्लीत एक चक्कर मारली आणि 'आता कोड नाही' असं लिहून सही मागितली. मी सही केली नाही. कोड पुसल्यानं सेल जिवंत होत नाही, आणि तो पुन्हा लागायला गाडीला थोडं पळावं लागतं हे त्या पोराला माझ्याइतकंच माहीत होतं. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला असं करायला पाठवणाऱ्या मालकावर आहे.

आता त्या वॉरंटीची कलमं. बिघाड म्हणजे फक्त पी०ए८० कोड. क्षमता साडेसहावरून तीनवर आली, पण कोड लागला नाही, तर तो बिघाड नव्हे. बिघाड मान्य झाला तरी फक्त मेलेला मॉड्यूल बदलणार, पॅक नाही. बदललेला मॉड्यूलही वापरलेलाच, आणि त्यानं मुदत वाढत नाही. पहिल्या वर्षानंतर मजुरी गिऱ्हाइकाची. गाडी विकली तर वॉरंटी संपली. गाडी उबर-लिफ्टसारख्या भाड्याच्या कामाला लावली तर वॉरंटी नाहीच.

या शेवटच्या कलमानं माझं डोकं फिरलं. पंधरा-अठरा वर्षांची प्रियस आज कोण चालवतं? रात्री विमानतळाच्या रांगेत उभा असलेला ड्रायव्हर. दोन नोकऱ्या करणारी, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी बाई. नुकताच देशात आलेला माणूस. गाडीची किंमतच तीन-चार हजार डॉलर, तिच्यात तेवढ्याचीच नवी बॅटरी घालणं त्यांना परवडत नाही, म्हणून ते या दुकानांकडे येतात. दुकानदाराला गिऱ्हाईक कोण आहे ते पक्कं ठाऊक असतं. पैसे घेताना तो विचारत नाही की गाडी कशासाठी वापरता. दावा आला की हाच पहिला प्रश्न असतो. 'परवडत नसेल तर नवीच घ्यायची होती' असं जे म्हणतात त्यांनी हे वाक्य त्या ड्रायव्हरच्या तोंडावर म्हणून दाखवावं.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बॅटरी बसवताना जुना पॅक दुकानाला परत द्यावा लागतो, नाहीतर अनामत बुडते. त्या जुन्या पॅकमधले जरा बरे दिसणारे मॉड्यूल पुढच्या गिऱ्हाइकाच्या पेटीत जातात. तुम्ही नापास म्हणून परत केलेला माल दुसऱ्याला तीन वर्षांच्या वॉरंटीसह विकला जातो. मॉड्यूल पुन्हा वापरण्याला माझा विरोध नाही, चांगला मॉड्यूल भंगारात जाऊच नये. न मोजता वापरण्याला माझा विरोध आहे.

कायदा नाही असंही नाही. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. वॉरंटीची कलमं विक्रीच्या आधी पाहायला मिळाली पाहिजेत. मला पीडीएफ आली ती बॅटरी बसवून, पैसे देऊन झाल्यावर. लेखी वॉरंटी दिली की वस्तू कामाची असण्याची गर्भित हमी विक्रेत्याला साफ झटकता येत नाही, आणि ग्राहक जिंकला तर न्यायालय त्याच्या वकिलाचा खर्च विक्रेत्यावर टाकू शकतं. कॅलिफोर्नियात स्मॉल क्लेम्स कोर्टात माणूस वकिलाशिवाय १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा लावू शकतो. गाड्या दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक दुकानाला ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे नोंदणी करावी लागते, आणि वापरलेला किंवा पुन्हा बांधलेला भाग लावला असेल तर बिलावर तसं लिहावंच लागतं. माझ्या बिलावर 'रीबिल्ट' हा शब्द आहे. कायद्याचं समाधान झालं. आतला प्रत्येक मॉड्यूल कोणत्या सालचा, त्याची क्षमता किती उरली, ती कुणी मोजली, यातलं काहीच त्या बिलावर नाही. दुकानदार नेमका याच फटीत राहतो.

पुण्यातल्या माझ्या मावसभावानं इनोव्हा हायक्रॉस घेतली. तिच्या बॅटरीतही निकेल-मेटल हायड्राइडचे १६८ सेल आहेत, माझ्या प्रियसइतकेच. ग्रँड विटारा आणि हायरायडर या २०२२ मध्ये आलेल्या हायब्रिड गाड्यांत लिथियम-आयन आहे. या गाड्यांच्या बॅटरीवर कंपन्यांची ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर वॉरंटी आहे, म्हणजे २०३० पासून पहिल्या मालकांची मुदत संपू लागेल. टॅक्सीला लागलेल्या गाड्यांचे किलोमीटर तर त्याच्या कितीतरी आधी भरतील. मग पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात बॅटरी 'करून देणारे' उभे राहतील. हात आपल्याकडे कुशल आहेत, काम उत्तम होऊ शकतं. पण आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीची वॉरंटी आठवा: आधी काही महिने फुकट बदली, नंतर प्रो-राटा, कार्डावर दुकानाचा शिक्का नसेल तर ये रे माझ्या मागल्या. तीच पद्धत दोनशे व्होल्टच्या पेटीला लागणार असेल तर आत्ताच बोललं पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक करार आणि सदोष मालाची जबाबदारी, दोन्हींची तरतूद आहे. भावाला मी सांगून ठेवलंय, 'अरे, वॉरंटी किती वर्षांची हे शेवटी विचार. आधी प्रत्येक मॉड्यूलचे आकडे माग. आकडे नाहीत म्हणाला तर दुकानातून बाहेर पड.'

दुकानदार म्हणतात, एवढं मोजत बसलो तर किंमत वाढेल. वाढू दे. आज ती वाढीव किंमत ग्राहक भरतोच आहे, टोइंगच्या बिलात, बुडालेल्या पाळीत, रस्त्याच्या कडेला काढलेल्या रात्रीत. जो दुकानदार खरंच मोजतो, त्याच्याकडे आकडे तयारच असतात, ते छापायला त्याला एक कागद लागतो. आकडे द्यायला जो तयार नाही, त्यानं मोजलेलंच नाही.

मी ब्युरोकडे तक्रार दिली आहे आणि स्मॉल क्लेम्समध्ये दावाही लावला आहे. सोबत चौदा ब्लॉकचे आकडे, पंख्याचे फोटो आणि न केलेल्या सहीचा तो कागद. पैसे परत मिळाले तरी माझी मागणी संपत नाही. बिलावर 'रीबिल्ट' लिहायला लावणाऱ्या कलमात राज्याच्या विधिमंडळानं एवढी भर घालावी: 'हायब्रिड बॅटरी पॅक पुन्हा बांधून विकणाऱ्यानं त्यातल्या प्रत्येक मॉड्यूलचा क्रमांक, उत्पादनाचं साल, लोडखाली मोजलेली क्षमता, मोजल्याची तारीख आणि मोजणाऱ्याचं नाव बिलासोबत लेखी द्यावं, न दिल्यास संपूर्ण रक्कम परत करावी.'