डिस्कला डुलक्या नकोत

घरच्या लिनक्स मशीनमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल तर या रविवारी एवढं कराच. टर्मिनलमध्ये ‘स्मार्टसीटीएल -ए’ चालवून डिस्कची कुंडली काढा आणि १९३ नंबरची ओळ बघा : लोड सायकल काउंट. डिस्कचं हेड आजवर किती वेळा बाजूला जाऊन बसलं, त्याचा हा आकडा. तो मिनिटा-मिनिटाला वाढत असेल तर वीजबचतीच्या नावाखाली डिस्क झिजतेय.

दुखणं जुनं आहे. २००७ मध्ये लॅपटॉपच्या डिस्क लवकर जातात म्हणून उबुंटूच्या नावाने बराच शिमगा झाला. खरं तर बऱ्याच मशीन्सवर ही सेटिंग बायॉसमधून किंवा डिस्कच्या फर्मवेअरमधूनच येत होती. पुढे वेस्टर्न डिजिटलच्या ग्रीन डिस्क आल्या. ८ सेकंद काम नसलं की हेड पार्क! इकडे लिनक्स अधूनमधून लॉग लिहिणारच. म्हणजे बसलं की ऊठ, उठलं की बस. अर्ध्या मिनिटाला एक फेरी धरली तरी दिवसाला २,८८० होतात. ३ लाख फेऱ्यांसाठी बनवलेली डिस्क साडेतीन महिन्यांत तिथे पोचते. (पोचली की त्याच दिवशी मरते असं नाही, पण कशाला?)

आणि वाचतं काय? डेस्कटॉपची डिस्क चोवीस तास पूर्ण थांबवली तरी साधारण ४ वॉट, म्हणजे महिन्याला ३ युनिट. छताचा ७५ वॉटचा पंखा ४० तासांत तेवढे खातो. नुसतं हेड पार्क करून तर त्याहून कमी. अंधेरीत अदानीचं बिल येवो की मुलुंडला महावितरणचं, एवढ्यासाठी पोरांचे बारशापासूनचे फोटो पणाला लावायचे? मला नाही पटत.

उपाय : ‘एचडीपार्म -बी २५४’. आकडा जितका लहान तितकी झोप जास्त. १२८ च्या खाली डिस्क थांबूही शकते. डेबियन-उबुंटूवर हे एचडीपार्मच्या कॉन्फ फाइलमध्ये लिहून ठेवा. सस्पेंडमधून उठल्यावर काही मशीन्स हे विसरतात, तेव्हा १९३ पुन्हा बघा. उन्हाळ्यात १९४, म्हणजे तापमानही. जुन्या ग्रीन डिस्क सहसा हे ऐकत नाहीत. त्यांना ‘आयडल३सीटीएल’ लागतं, आणि नंतर मशीन पूर्ण बंद करून चालू करायचं, नुसता रीबूट पुरत नाही.

बोरिवली लोकलमध्ये चालू लॅपटॉप मांडीवर घेणाऱ्यांनी मात्र बॅटरीवर १२८ च ठेवावं. धक्के बसतात तिथे पार्क झालेलं हेड बरं.

आठवड्यातून एकदाच लागणारी बॅकअपची डिस्क असेल तर तिला खुशाल गाढ झोपू द्या : ‘-एस २४२’, म्हणजे एक तास. फक्त ‘स्मार्टडी’ला ‘-एन स्टँडबाय’ सांगा, नाहीतर तोच तिला दर अर्ध्या तासाने उठवून तब्येत विचारत बसेल.