चीड खरी, म्हणून बातमीही खरी?

लोक पेटल्याशिवाय आपल्याकडे न्याय होत नाही. आणि लोक पेटायचे म्हटले की थोडंफार खरंखोटं होणारच, त्याचा बाऊ करू नये, असा एक सिद्धांत हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. मांडणारे गृहस्थ विद्वान आहेत, आवाज भारदस्त आहे आणि पुरावा म्हणून त्यांच्याकडे नगर जिल्हा आहे. कोपर्डी पाहा, ते सांगतात. राज्य पेटलं नसतं तर तो खटला इतक्या लवकर उभा राहिला असता का? आता त्या धामधुमीत चार खोटे फोटो फिरले असतील, दोन अफवा उठल्या असतील, तर बिघडलं काय? भावना खरी होती ना? जे लोक अशा वेळी ‘थांबा, खात्री करा’ म्हणतात, ते एक तर भित्रे असतात किंवा आरोपीच्या जातीचे. झालं, एवढाच युक्तिवाद. एवढ्यावर टाळ्या पडतात.

त्यातला खरा भाग आधी मोकळेपणाने देऊन टाकू. पोलिस माहिती दडपतात? दडपतात. गावातल्या बड्यांचं नाव आलं की तक्रार नोंदवायला वेळ लागतो? लागतो. रस्त्यावरच्या दबावाने खटल्याला वेग आला? आला. कोपर्डीतल्या अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची आणि खुनाची घटना 13 जुलै 2016 ची. नगरच्या सत्र न्यायालयाने तिन्ही आरोपींना 18 नोव्हेंबर 2017 ला दोषी ठरवलं आणि 29 नोव्हेंबरला फाशीची शिक्षा सुनावली. साडेसोळा महिने. आपल्याकडच्या तारखांच्या हिशेबात हा वेग दुर्मिळच. पण हा वेग मोर्चाने दिला, मोबाईलवरच्या खोट्या फोटोने नव्हे. दोन्ही एकाच वेळी घडलं म्हणून एकाचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर टाकायचं, ही गृहस्थांची हातचलाखी आहे.

गृहस्थांच्या विरोधात बोलणारा एक पंथही आहे, त्याचंही मला पटत नाही. ‘सगळं या मोबाईलने बिघडवलं’ म्हणणारा. या वादात मी पूर्वीही पडलो आहे आणि पुन्हा पडतो. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पिऊ लागले ते कोणत्या व्हॉट्सअपवर? दुपारपर्यंत देशभर देवळांपुढे रांगा लागल्या होत्या आणि बातमी पसरली ती घरच्या काळ्या टेलिफोनवरून, एसटीतून, कार्यालयातल्या शिपायाच्या तोंडून. यंत्राने वेग वाढवला, हौस आपली आपल्याकडे होतीच. म्हणून प्रत्येक दंग्यानंतर इंटरनेट बंद करून जिल्हाधिकारी कार्यालयाने सुटकेचा निःश्वास टाकावा, हेही मला हास्यास्पद वाटतं. इंटरनेट बंद झालं की अफवा थांबत नाही. फक्त ती खोडून काढण्याचं साधन थांबतं. असो.

आता मूळ मुद्दा. चीड खरी असेल तर बातमी खोटी असली तरी चालते, हे वाक्य बोलायला सोपं आहे, कारण बोलणाऱ्याच्या दारात कुणी येत नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये नाशिकजवळ तळेगावला एका चिमुरडीवर अत्याचाराचा प्रयत्न झाला. संताप रास्तच होता. पण प्रयत्नाच्या बातमीला अफवेने वाटेत काय काय जोडलं आणि बसगाड्या जळल्या, पोलिसांवर दगड पडले, जिल्ह्यात मोबाईल इंटरनेट बंद करावं लागलं आणि ज्यांचा त्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नव्हता अशा दलित वस्त्यांवर हल्ले झाले. त्या वस्तीतल्या बाईला जाऊन सांगा की बाई, भावना खरी होती.

धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचंही तेच. 1 जुलै 2018, आठवडे बाजाराचा रविवार. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी आल्याचे निरोप आणि व्हिडिओ त्या उन्हाळ्यात देशभर फिरत होते. त्यातला एक तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेच्या जाहिरातीतून कापून काढलेला होता. गावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. आपली मुलं कुणी पळवू नयेत ही भावना तर शंभर टक्के खरी होती. गृहस्थ, तुमचा सिद्धांत या खोलीत जरा उभा करून दाखवा.

पण माझी खरी तक्रार याहून वेगळी आहे, आणि ती गृहस्थांना कधी सुचलीही नसेल, कारण त्यांनी कोर्टाची पायरी बहुधा सत्काराखेरीज चढलेली नाही. अफवेचा सगळ्यात मोठा फायदा आरोपीला होतो. ओळख परेड कशी होते ते पाहा. सारख्या वयाच्या, सारख्या अंगकाठीच्या माणसांच्या रांगेत संशयिताला उभं करतात आणि पोलिसांना बाजूला ठेवून साक्षीदाराला विचारतात, यातला कोण? आता त्या संशयिताचा फोटो ‘हाच तो नराधम’ म्हणून आदल्या आठवड्यातच साऱ्या तालुक्याने पाहिला असेल, तर त्या परेडला अर्थ काय उरला? बचावाचा वकील साक्षीदाराला शांतपणे एकच प्रश्न विचारतो: फोटो तुम्ही मोबाईलवर आधी पाहिला होता ना? साक्षीदार खरं बोलला तर परेडचं वजन गेलं, खोटं बोलला तर साक्षीदाराचं. घटनेची चार रूपं गावात फिरली असतील तर पोलिसांपुढचा जबाब आणि कोर्टातली साक्ष यांत कुठेतरी त्यातलं एखादं रूप शिरतंच, आणि उलटतपासणी जगते ती अशाच फटीवर. जमावाच्या दबावाखाली कुणालाही उचललं, हा बचाव तर आयता हातात मिळतो. म्हणजे संतापाने ‘पुढे पाठवा’ म्हणणारा माणूस नकळत आरोपीच्या वकिलाची कारकुनी करत असतो, तीही फुकट.

कोपर्डीतच त्या वेळच्या पालकमंत्र्यांच्या शेजारी आरोपी उभा असल्याचा एक फोटो फिरला आणि तो आरोप थेट विधिमंडळापर्यंत गेला. फोटोतला माणूस दुसराच निघाला. त्या दुसऱ्या माणसाने ते दिवस कसे काढले असतील, यावर कुणी व्याख्यान दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि त्या मुलीचं नाव, तिचा फोटो? तो तर श्रद्धांजली म्हणून हातोहात फिरला. अत्याचारपीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय दंड संहितेच्या कलम 228-अ प्रमाणे गुन्हा होता आणि मुलगी अल्पवयीन असेल तर पॉक्सोचं कलम 23 वेगळं आहेच. तिच्यासाठी न्याय मागणाऱ्यांनी पहिला कायदा मोडला तो तिचाच.

हा रोग एका जातीचा नाही, हेही सांगितलं पाहिजे. नाही तर गृहस्थांचे मित्र मला लगेच एका बाजूला बसवतील. पाथर्डी तालुक्यातल्या जवखेड्याला ऑक्टोबर 2014 मध्ये एका दलित कुटुंबातल्या तिघांची निर्घृण हत्या झाली. राज्यभर निषेध झाले, ते व्हायलाच हवे होते. पण गुन्हेगार कोण, कोणत्या जातीचे, हे सभांमधून आधीच जाहीर झालं आणि गाव राज्यभर बदनाम झालं. डिसेंबरात पोलिसांनी अटक केली ती नात्यातल्याच माणसांना. खर्डा आणि सोनई इथले दलितांचे खून याच जिल्ह्यात घडलेले असताना संशय सवर्णांवर जाणं समजू शकतं. संशयाचा निकाल करून टाकणं समजू शकत नाही.

पालघरच्या गडचिंचल्याला तर अफवेने दोन फेऱ्या मारल्या. 16 एप्रिल 2020 च्या रात्री चोर समजून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले आणि दुसऱ्याच आठवड्यात मारणारे कोणत्या धर्माचे याची नवी अफवा तयार. गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटकेतल्या 101 जणांची यादीच जाहीर करावी लागली. अटकेतल्यांची नावं त्यांचा धर्म दाखवायला छापायची, ही एका राज्यावर आलेली नामुष्कीच.

मग करायचं काय? गृहस्थ हा प्रश्न विजयी मुद्रेने विचारतात, जणू उत्तरच नाही. उत्तर आहे आणि ते त्याच 2016 साली त्यांच्या डोळ्यांदेखत रस्त्यावरून चालत गेलं. 9 ऑगस्टला औरंगाबादेत निघालेला मराठा क्रांती मूक मोर्चा, पुढे नगरसह जिल्ह्याजिल्ह्यांत. लाखो लोक, घोषणा नाही, पुढे मुली, मागे रस्ता झाडणारे स्वयंसेवक. त्या मोर्चांच्या सगळ्या मागण्या मला मान्य होत्या असं नाही. अॅट्रॉसिटी कायद्याबद्दलची तर मुळीच नव्हती. पण चीड खोटं न बोलता दाखवता येते, एवढं त्यांनी सिद्ध केलं. बाकी मागणं थोडकं आहे. घटना घडली की पोलिस अधीक्षकांनी त्याच दिवशी, त्याच गावात उभं राहून काय कळलं आणि काय अजून कळलेलं नाही ते सांगावं, आणि रोज सांगावं. मौन हीच अफवेची पेरणी असते, हे नगरच्या पोलिसांना कुणी शिकवायला नको. आणि बाकीच्यांनी साक्षीदारांच्या मागे उभं राहावं.

कारण जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला एप्रिल 2014 मध्ये सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला तेव्हाही राज्य हळहळलं होतं, नेत्यांच्या गाड्यांनी गावचा रस्ता भरला होता. मग गाड्या परतल्या. साक्षीदार गावातच राहत होते, ते एकामागून एक फितूर झाले. साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा महाराष्ट्राने केला तो 2017 साली. तोवर उशीर झाला होता. कोपर्डीच्या शिक्षेच्या आधी काही दिवस, त्याच नोव्हेंबरात, खर्ड्याचे सगळे आरोपी निर्दोष सुटले. तेव्हा पुढच्या वेळी मोबाईलवर एखाद्याचा फोटो आला तर तो पुढे पाठवू नका. खटल्याची पुढची तारीख कोणती आहे ते विचारा, आणि त्या दिवशी कोर्टात जाऊन साक्षीदाराच्या शेजारी बसा.