भिंत आमची, चौकट त्यांची

कोल्हापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर पुलाची शिरोली येते आणि तिच्या पुढे शिरोली एमआयडीसी. ही फौंड्र्यांची वसाहत. इथल्या एका फौंड्रीत मी स्टोअरच्या नोंदी ठेवते. ओतकामात जिथे पोकळी हवी असते, तिथे साच्यात वाळूचा कोअर बसवतात. आमच्याकडे हे कोअर बायका करतात. काम नाजूक आहे म्हणून बायकांना दिलं, असं सांगतात. पगार ठरवायच्या वेळी तेच काम 'हलकं' होतं.

२०१८ च्या ८ मार्चला आम्ही चौदा जणींनी इथल्या एका बंद कारखान्याच्या कंपाउंडची भिंत रंगवली. कारण साधं होतं. थंडीच्या दिवसांत साडेसहाला सुटी झाली की आतल्या रस्त्यावर मिट्ट काळोख असायचा. दोन्ही बाजूंना ट्रक उभे. बस थांब्यापर्यंत जाताना एकमेकींचे हात धरून चालावं लागायचं. दोनदा अर्ज केले होते. मग ठरवलं, अर्ज फायलीत जाऊन झोपतो, भिंत तरी रस्त्यावर जागी राहील. मालकाला विचारलं, चुना आणि काव विकत आणली. काळा रंग महाग, म्हणून कोअरला लावायचं उरलेलं ग्रॅफाइट डिंक घालून कालवलं. शाळा सोडल्यापासून कुणी हातात ब्रश धरला नव्हता. पण रांगोळीचा हात होता. काळोखातून ओळीनं चाललेल्या बायका आम्ही काढल्या. एकीच्या डोक्यावर डबा, एकीच्या काखेत पोर, एकीच्या हातात तुटलेलं पायताण. खाली मोठ्या अक्षरांत मी लिहिलं, 'कामाला बोलावता, वाटेवर दिवा लावा!'

पाच वर्षं गेली. आमच्यातली एक फौंड्री सोडून शहरातल्या एका हॉटेलात साफसफाईला लागली होती. २०२३ च्या दिवाळीच्या सुमाराला तिचा फोन आला. हॉटेलच्या दालनात चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं आणि फरशी पुसता पुसता तिची नजर वर गेली होती.

"ताई, आपली भिंत हितं आल्या!"

मी म्हटलं, भिंत कशी येईल?

"पायताण हातात घेतलेली बाई म्हंजे मी. माझी मी काढल्याली. मला माझा हात वळखू येत न्हाई व्हय?"

मी जाऊन पाहिलं. खरंच आमची भिंत. फोटोवरून कॅनव्हासवर उतरवलेली, वर थोडा ब्रश फिरवलेला, सोनेरी चौकटीत बसवलेली. शेजारच्या कार्डावर नाव 'रात्रयात्रा'. प्रेरणा : अनाम लोककला. किंमत रुपये ३५,०००. म्हणजे फरशी पुसणाऱ्या तिच्या तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त. त्या खाली सही होती, ती आमच्या कुणाची नव्हती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खालची अक्षरं कापून टाकलेली होती. दिवा मागणाऱ्या बायका आता कुठल्याशा यात्रेला निघाल्या होत्या!

चित्र चोरलं याचा राग आलाच. पण मागणी कापली याचा जास्त आला. आज मला जे म्हणायचं आहे ते या कापलेल्या पट्टीबद्दल आहे.

रस्त्यावरची कला म्हटलं की हल्ली परदेशातलं काहीतरी नवं आलं, असं समजतात. मला हसू येतं. सडा-रांगोळी करणारी बाई ही रस्त्यावरची पहिली चित्रकार. रोज पहाटे काढायचं, दुपारपर्यंत तुडवलं जायचं, उद्या पुन्हा काढायचं. तिला कुणी सही मागितली नाही आणि दामही दिला नाही. संस्कार म्हणून तिचं कौतुक झालं, कलावंत म्हणून कधी झालं नाही. कोल्हापूरला कलापूर म्हणतात. बाबूराव पेंटरांसारख्यांनी रंगवलेल्या नाटकाच्या पडद्यांची आणि सिनेमाच्या पोस्टरांची आठवण इथे अभिमानानं काढली जाते, काढावीच. पण त्या आठवणीत बायकांची नावं शोधून पाहा.

बाजार भिंतीचं काय करतो ते जगात सगळीकडे दिसतं. २०१२ साली लंडनच्या वुड ग्रीन भागात एका स्वस्त दुकानाच्या भिंतीवर बँक्सी नावाच्या चित्रकारानं एक चित्र काढलं. गुडघे टेकून बसलेला एक पोरगा शिलाई मशीनवर ब्रिटनचे छोटे छोटे झेंडे शिवतो आहे. बालमजुरीवर थेट बोट ठेवलेलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ते चित्र भिंतीसकट कापून काढलं आणि अमेरिकेतल्या मायामी शहरात लिलावाला लावलं. वस्तीतल्या लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा तो लिलाव थांबला. पण त्याच वर्षी लंडनमध्ये ते विकलं गेलंच, साडेसात लाख पौंडांच्या आसपास. मजुरीवरचं चित्र लाखोंना गेलं, मजुरी जिथल्या तिथे राहिली.

पुढे २०१८ मध्ये याच बँक्सीचं एक चित्र लंडनला लिलावात दहा लाख पौंडांवर गेलं. हातोडा पडताक्षणी चौकटीत लपवलेल्या यंत्रानं ते अर्धं फाडून टाकलं. बाजाराच्या तोंडात मारायची होती. झालं काय? २०२१ मध्ये तेच फाटकं चित्र एक कोटी पंच्याऐंशी लाख पौंडांना विकलं गेलं. बाजाराला थप्पडसुद्धा विकता येते.

इटलीतल्या ब्लू नावाच्या चित्रकारानं दुसरा रस्ता धरला. २०१६ मध्ये बोलोन्या शहरात रस्त्यावरच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि काही चित्रं न विचारता भिंतींवरून उतरवली होती. तेव्हा त्यानं मित्रमंडळींना बरोबर घेऊन त्या शहरातली आपली वीस वर्षांची भित्तिचित्रं करड्या रंगानं पुसून टाकली. त्याचा संताप मला कळतो. पण पुसून टाकणं त्याला परवडतं, कारण पुसल्यावरही त्याचं नाव उरतं. आमचं आधीच पुसलेलं आहे. आम्ही आणखी काय पुसायचं?

लांब कशाला, आपल्या महाराष्ट्राकडेच पाहू. वारल्यांच्या घरी लग्न असलं की कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवचौक काढतात. पालघट देवीचा तो चौक काढणं हे बायकांचं काम, सवासणींचं. लग्न लावणारी धवलेरीसुद्धा बाईच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार डहाणूच्या बाजूला गेले, त्यांनी कागद आणि रंग दिले. त्यातून जिव्या सोमा मशे पुढे आले. दशकाच्या मध्यावर मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली, १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात गेली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. त्यांची प्रतिभा अस्सल होती. एका आदिवासी माणसाला हा मान मिळाला याचा मला आनंदच आहे. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. भिंतीवर होती तोवर जी कला बायकांची होती, ती कागदावर येताच बहुतेक पुरुषांची कशी झाली? उत्तर अवघड नाही. कागद बाजारात जातो. बाजारात जायला घर सोडावं लागतं, गाडी पकडावी लागते, परक्या माणसाशी भाव करावा लागतो, रात्री परगावी राहावं लागतं. चूल, पाणी, पोरं जिच्या गळ्यात, ती कशी जाणार? जे काम घरात फुकट होतं तोवर ते बाईचं असतं. त्याला दाम आला की ते पुरुषाचं होतं. स्वयंपाक घरात बाईचा, हॉटेलात आचारी पुरुष. शिवण घरात बाईचं, दुकानात टेलरमास्तर पुरुष. चित्राचंही तेच.

कुणी म्हणेल, हे आपोआप होतं, त्याला कोण काय करणार? आपोआप काही होत नाही. हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी, १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात, पुपुल जयकर यांच्या पुढाकारानं मधुबनीला गेले होते. तिथेही भिंती बायकाच रंगवत होत्या. तिथे कागद थेट बायकांच्या हातात पडला. म्हणून जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावं आज आपल्याला माहीत आहेत. तिघींना पद्मश्री मिळाली. तिथेही दलालांनी लुबाडलंच, पण नाव तरी बाईचं राहिलं. कागद कुणाच्या हातात दिला आणि नाव कुणाचं लिहून घेतलं, एवढ्यावर पुढचं सगळं ठरतं.

भिंतीवरचं जुनं सगळं पवित्र आणि गॅलरीतलं सगळं पाप, असंही मी म्हणत नाही. देवचौक सवासणीनंच काढायचा. नवरा मेला की त्याच बाईचा तोच हात अशुभ! आमच्या जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा कुठे कुंकू पुसणं आणि बांगड्या फोडणं याबद्दल गावसभेत बोलणं झालं. आमच्या चौदा जणींत चार विधवा होत्या. आमच्या भिंतीनं त्यांना दूर ठेवलं नाही. जुनी भिंत जे देत नव्हती ते आम्ही आमच्या भिंतीवर मिळवलं होतं. म्हणूनच तिची चोरी जास्त झोंबली.

त्या हॉटेलात आम्ही विचारायला गेलो तेव्हा एक गृहस्थ फार गोड बोलले. "अहो ताई, तुमची कला मोठ्या लोकांपर्यंत पोहोचली, हे चांगलंच नाही का? रस्त्यावरची भिंत, ती सगळ्यांचीच की."

भिंत सगळ्यांची, हे मान्य. मग पैसे एकाचे कसे? जी वस्तू सगळ्यांची म्हणून फुकट घेतली, ती स्वतःची म्हणून विकायची, याला कुठला न्याय म्हणायचा? आणि मोठ्या लोकांपर्यंत काय पोहोचलं? चालणाऱ्या बायका पोहोचल्या, दिवा नाही पोहोचला. त्या दालनात चित्रावर उजेड पाडणारे दोन दिवे होते. आमच्या रस्त्यावर एकही नव्हता.

'पैशाचा मोह कशाला, कला निरपेक्ष असावी' असा उपदेशही ऐकला. निरपेक्षतेचे धडे नेहमी बायकांनाच का? आम्हाला पैसा नकोसा नाही. चित्र विकलं जावं, पण काढणारीच्या नावानं, तिला विचारून, तिचा वाटा देऊन आणि तिचं म्हणणं न कापता. चारच गोष्टी आहेत.

कायदाही अगदी मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार आपल्या कृतीवर आपलं नाव सांगण्याचा आणि तिची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क कलावंताला आहे. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारनं १९७९ मध्ये उतरवून खराब केलं. ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांना पाच लाख रुपये भरपाई दिली. १९९४ च्या दुरुस्तीनं कलम ५३ अ आलं. मूळ चित्र दहा हजारांवर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला, जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत, वाटा मागता येतो.

पण हे सगळे हक्क कुणाचे? जिचं नाव आहे तिचे. सेहगल नामवंत होते, तरी निकालाला वर्षानुवर्षं लागली. 'अनाम' बाईनं कुठल्या कोर्टात जायचं? वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण ते मानांकन कलेला आणि मुलखाला आहे. त्यातून कुठल्या एका बाईच्या हातात काही पडेलच असं नाही. 'अनाम' हा शब्द नम्र वाटतो, पण ती एक पावती आहे, काही न देता माल उचलल्याची. बाई अनाम नसते. तिला कुणी नाव विचारलेलं नसतं.

म्हणून मैत्रिणींनो, आमच्या अनुभवातून सांगते. गावोगावी आपल्या गटांनी भिंती रंगवल्या आहेत. दारूबंदीच्या, पाण्याच्या, मारहाणीविरुद्धच्या. यापुढे भिंत रंगवाल त्याच दिवशी खाली प्रत्येकीचं नाव आणि तारीख घाला. नुसतं मंडळाचं नाव पुरत नाही. सगळ्या जणी भिंतीसमोर उभ्या राहून फोटो काढा. जागेच्या मालकाकडून चार ओळींचं पत्र घ्या. गटाच्या वहीत नोंद ठेवा, सह्या घ्या, अंगठे घ्या. आणि अक्षरं चित्राच्या खाली वेगळी लिहू नका. आम्ही तीच चूक केली, म्हणून कापायला सोपी गेली. अक्षरं चित्रातच गुंफा, बाईच्या पदरावर लिहा, डब्यावर लिहा. कापायचं तर बाई कापावी लागेल, अशी लिहा.

त्या हॉटेलनं चित्र उतरवलं. माफी कुणी मागितली नाही, पैशाचं नावही कुणी काढलं नाही. आम्ही दुसऱ्या रविवारी पुन्हा चुना घेऊन भिंतीपाशी गेलो. चौदापैकी नऊ जणी आल्या. एक वारली होती, चौघी दुसरीकडे कामाला गेल्या होत्या. उडालेला रंग पुन्हा भरला. आणि खाली चौदाच्या चौदा नावं लिहिली, वारलेलीचंसुद्धा. पायताणवालीला लिहिता येत नव्हतं. म्हणाली, "ताई, तू काढून दे, मी गिरवतो." मी खडूनं काढून दिलं, तिनं ग्रॅफाइटनं गिरवलं. अक्षर वाकडं आलं. मी नीट करायला पुढे झाले तर तिनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे तसंच. माझं हाय ते."

तिच्या बस थांब्याच्या वाटेवर आता एक दिवा लागला आहे. एकच. बाकीच्यांसाठी तिसरा अर्ज दिला आहे. भिंत जागी आहेच.