फादर डेमियन आणि त्यांचे आक्षेपक

परदेशी मिशनरी म्हटला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: ही सेवा खरी की धर्मांतराचं आमिष? प्रश्न गैर नाही, पण तो विचारताना नुसता झगा पाहून भागत नाही, माणूस पाहावा लागतो. फादर डेमियन यांच्यावर याहून जहरी आरोप झाले. त्यांतले बहुतेक पुराव्यापुढे टिकत नाहीत, आणि जो टिकतो त्यातच त्यांचं मोठेपण आहे.

बेल्जियमच्या त्रेमेलो गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा १८६४ साली हवाईला आला. पुढच्याच वर्षी तिथल्या राज्याने कायदा केला आणि कुष्ठरोग्यांची मोलोकाई बेटावर कालावावला जन्मभरासाठी रवानगी सुरू झाली. तिथे तीन बाजूंनी समुद्र, चौथ्या बाजूला सरळसोट कडा. १० मे १८७३ रोजी डेमियन तिथे उतरले. १५ एप्रिल १८८९ रोजी त्याच रोगाने तिथेच वारले.

त्यांना जाऊन चार महिनेही झाले नव्हते, तोच होनोलुलूचे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक हाइड यांनी एका पत्रात त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. माणूस गलिच्छ आणि हट्टी. कोणी न पाठवता परस्पर गेला. सुधारणा केल्या त्या सरकारी आरोग्य मंडळाने. रोग जडला तो बाहेरख्यालीपणाने. पत्र छापून आलं. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन स्वतः प्रॉटेस्टंट घरातले; पण ते वसाहतीत राहून आले होते, आणि १८९० साली त्यांनी हाइड यांना जाहीर उत्तर दिलं.

परस्पर गेले म्हणावं, तर बिशप मेग्रे स्वतः त्यांना घेऊन कालावावला गेले होते. बाहेरख्यालीपणाचा आरोप उभा होता तो कुष्ठरोग म्हणजे उपदंशाचाच पुढचा टप्पा, या तेव्हाच्या अनेक डॉक्टरांच्या समजुतीवर. ती समजूत साफ चुकीची ठरली. सुधारणांना पैसा मंडळाचा होता, हे कबूल. पण लाकडासाठी, पाण्याच्या नळांसाठी, कपड्यांसाठी त्या मंडळाच्या हात धुऊन मागे लागले ते हेच हट्टी डेमियन.

राहिला गलिच्छपणा. जखमा धुणारा, शवपेट्या ठोकणारा, कबरी खणणारा माणूस परीटघडीचा कसा राहील? हवाईत अळूचे कंद उकडून, कुटून ‘पोई’ करतात आणि सगळे एकाच भांड्यात बोटं घालून ती खातात. डेमियन रोग्यांच्या पंगतीला बसून त्याच भांड्यात बोटं घालत. आपला पाइपही त्यांना ओढायला देत. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने ही बेफिकिरी खरी. पण ज्यांना आप्तांपासून तोडून टाकलं होतं, त्यांच्या भांड्यातलं खायला ते कचरले नाहीत. मला त्यांच्या साऱ्या बांधकामांहून हे मोठं वाटतं.

आता आमिषाचा मुद्दा. डेमियन कट्टर कॅथलिक होते, बाप्तिस्मे देत, आणि प्रॉटेस्टंटांशी त्यांचं पटत नसे. हे झाकण्याचं कारण नाही. पण हवाईत ख्रिस्ती धर्म त्यांच्या आधीच पसरला होता. खुद्द कालावावला प्रॉटेस्टंट रोग्यांनी ते येण्यापूर्वीच आपलं सिलोआमा हे चर्च उभारलं होतं. आणि नुसती माणसं बाटवायची असतील, तर कोणी त्यांच्या पंगतीला बसून मरण ओढवून घेत नाही.

अलीकडचा आक्षेप वेगळा. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये हवाईतर्फे राणी लिलिउओकलानी यांचा नव्हे, डेमियन यांचा पुतळा का, असं २०२० साली अमेरिकेतल्या एका लोकप्रतिनिधीने विचारलं. गोऱ्या तारणहाराच्या कथा फार झाल्या, ही तक्रार मला मान्य आहे. पण हा पुतळा खुद्द हवाईनेच दिला आहे, आणि १८८१ साली राज्याचा कारभार पाहताना याच लिलिउओकलानींनी वसाहतीला भेट देऊन डेमियन यांना राजसन्मान दिला होता. उणीव असेल तर ती ‘कोकुआं’च्या आठवणीची आहे. कोकुआ म्हणजे आपल्या रोगी माणसासोबत स्वखुशीने वसाहतीत गेलेले आप्त. हवाईयन जोनाथन नापेला हे त्यांतलेच. पंथाने मॉर्मन, डेमियन यांचे स्नेही. पत्नी किटी हिच्यासोबत ते १८७३ सालीच कालावावला गेले आणि तिच्याच रोगाने १८७९ साली वारले. त्यांचंही नाव डेमियन यांच्या शेजारी लिहायला हवं.